गणपतीत कपाटं रंगवू की दिवाळीनंतर?

पत्र: “आमचं घर चिपळूणला, बाजारपेठेच्या अंगाला. स्वयंपाकघरातली कपाटं १९९६ सालची, सासऱ्यांनी सुताराला समोर बसवून करून घेतलेली. वरची सागवानी, खालची प्लायवूडची. दर चार-पाच वर्षांनी सासरे स्वतः त्यांना ऑइल पेंटचा हात द्यायचे. २०२१ च्या पुरात घरात कमरेच्या वर पाणी होतं. खालची कपाटं वाळवून आम्ही तशीच वापरतोय. त्यानंतरच्या वर्षी सासरे गेले. आता पिस्ता रंगाचे पोपडे निघतायत, गॅसवरची दारं चिकट आणि काळपट झालीयत. गणपतीला मुंबईहून दीर, जाऊ, नणंद, भाचे-पुतणे असे सगळे आठ दिवस येणार आहेत. एवढे हात पुन्हा एकत्र मिळायचे नाहीत, म्हणून तेव्हाच रंगकाम उरकावं असं माझ्या मनात आहे. हे म्हणतात, दोन दिवसांचं काम. घासायचं मशीन भाड्याने आणतो, सगळा जुना रंग काढून टाकू. सासूबाई म्हणतात, कशालाच हात लावू नका. मोठ्या कपाटाच्या दारामागे सासऱ्यांनी कधी कधी रंग दिला त्याच्या तारखा पेन्सिलीने लिहून ठेवल्यात. शिवाय धाकट्या जावेला पाचवा महिना आहे, त्यामुळे तिला फार काम सांगता येणार नाही. काय करू?”

उत्तर:

ताई, जावेबद्दलचं वाक्य तुम्ही पत्राच्या शेवटी, जाता जाता लिहिलंय. मी तिथूनच सुरुवात करते, कारण तुमच्या बाकीच्या प्रश्नांची निम्मी उत्तरं त्यात आहेत.

आपल्याकडे घरगुती रंगातल्या शिशावर कायद्याने मर्यादा आली ती २०१६ च्या नियमांनी, आणि ती लागू झाली नोव्हेंबर २०१७ पासून. आता रंगात दहा लाख भागांमागे शिशाचे ९० भागच चालतात. त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये शिसं सर्रास असायचं. रंग लवकर वाळावा, उठून दिसावा, टिकावा म्हणून ते घालत. ठळक पिवळ्या, नारिंगी, तांबड्या, हिरव्या छटांमध्ये त्याचं प्रमाण जास्त असे. तुमच्या कपाटांवर १९९६ पासूनचे थर एकावर एक बसलेले आहेत. त्यांत शिसं आहे की नाही हे डोळ्यांनी कळत नाही, म्हणून ते आहे असंच धरून चालायचं.

रंग लाकडाला घट्ट धरून आहे तोवर त्यातलं शिसं तिथल्या तिथे बसलेलं असतं. कोरडं घासलं की त्याची पूड होते. ती पिठासारखी बारीक असते, हवेत तरंगते, डब्यांवर, फडताळात, जमिनीवर बसते, आणि रांगत्या बाळाच्या हातावरून तोंडात जाते. गर्भवतीच्या शरीरात गेलेलं शिसं वारेतून बाळापर्यंत पोचतं आणि लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला ते कायमचा धक्का देतं. अमुक इतकं शिसं चालतं अशी सुरक्षित पातळी जागतिक आरोग्य संघटनाही मानत नाही.

तेव्हा तुमच्या यजमानांचं भाड्याचं मशीन नको. अगदी नको. त्यांचा हेतू चांगला आहे, एकदाच काय ते नीट करावं असं त्यांना वाटतंय, हे मला समजतं. पण घासायचं मशीन म्हणजे ती सगळी पूड तासाभरात घरभर. जुना रंग तापवून, जाळून काढायची युक्तीही कुणी सुचवेल. तीही नको, कारण त्यात धुरातून शिसं अंगात जातं. आणि जुना रंग सगळा काढायची गरजच नाही. जो घट्ट आहे तो खाली राहू द्यायचा, फक्त त्याची चकाकी मारायची म्हणजे नवा रंग धरेल. सुटलेले पोपडे तेवढे ओले करून काढायचे. असं केलं की काम निम्म्यावर येतं आणि जुने थर नव्या रंगाखाली बंद होतात.

आता गणपतीचं. हात तेव्हा मिळतात हे खरं, पण कोकणात भाद्रपद म्हणजे पावसाळाच. ऑइल पेंट हवेतला प्राणवायू घेत घेत घट्ट होतो. दमट, थंड हवेत ते काम रेंगाळतं. रंग वरून वाळल्यासारखा दिसतो आणि बोट दाबलं की ठसा उमटतो. लाकडाचीही तीच गत. पावसाळाभर ओलावा पिऊन ते फुगलेलं असतं. दारं घासायला लागतात ना पावसात, ती त्यामुळेच. त्या फुगलेल्या लाकडावर रंग दिला तर उन्हाळ्यात लाकूड आकसतं आणि सांध्यांपाशी रंगाला भेगा जातात. दुसरं म्हणजे, त्या आठ दिवसांत तुमच्या स्वयंपाकघराला उसंत कुठे? मोदक, ऋषिपंचमीची भाजी, गौरीचा नैवेद्य, आल्या-गेल्याचा चहा. दारं काढलेली, ओट्यावर रंगाचा डबा आणि बाजूला उकड काढताय, असं व्हायला नको.

काम भाऊबीज झाल्यावर करा. पाऊस गेलेला असतो, हवा कोरडी होऊ लागते आणि मुलांना सुट्टी असते. दिरांना आणि भाचे-पुतण्यांना आत्ताच सांगून ठेवा की दिवाळीला आलात की पुढेही काही दिवस राहायच्या तयारीने या. जाऊबाईंना तोवर आठवा महिना असेल. बाळंतपणाला माहेरी जायच्या असतील तर दिवाळीआधीच जाऊ द्या. जाणार नसतील तर तुमच्या नणंदेकडे किंवा आणखी कुणाकडे, पण काम संपून घर ओल्या फडक्याने दोनदा पुसून होईपर्यंत त्यांनी या घरात राहू नये. “दार लावून आतल्या खोलीत बसेल” हा पर्याय मी मुद्दाम देत नाही, कारण दाराच्या फटीतून पूड जाते.

गणपतीत करण्यासारखं काम मात्र आहे, आणि ते सगळे जमलेले असतानाच करावं असं आहे. एका दुपारी दिरांना आणि यजमानांना घेऊन खालची कपाटं तपासा. पुराला बरीच वर्षं झाली, पण प्लायवूड पुराचं पाणी विसरत नाही. कपाटाच्या तळाशी आणि दारांच्या खालच्या कडेला अंगठ्याने जोरात दाबा. दबलं, पोकळ आवाज आला, किंवा कडेला प्लायचे पापुद्रे वेगळे दिसले, तर तो भाग गेला. जुना स्क्रू ड्रायव्हर हलकेच टोचून बघा. लोण्यात जावा तसा आत गेला तर शंकाच नको. अशा प्लायवर कितीही चांगला रंग दिला तरी आतला ओलावा त्याला फोड आणून बाहेर पडतो. तिथे लांबी (पुट्टी) भरून सारवासारव करू नका, पैसे आणि कष्ट दोन्ही जातील. तेवढी दारं आणि तळ नवीन करा, आणि प्लाय घेताना त्यावर आयएस ७१० हा शिक्का बघून घ्या. ती मरीन प्लाय. पाण्यात टिकणारा डिंक वापरून केलेली असते. साध्या कमर्शियल प्लायपेक्षा महाग पडते, पण ओट्याखाली, मोरीच्या शेजारी आणि तुमच्या गावात तीच हवी. कापलेल्या कडांना प्रायमर (रंगाखालचा पहिला हात) लावल्याशिवाय सुताराला ती बसवू देऊ नका. पाणी शिरतं ते नेहमी कडेतून.

एक सांगायचं राहू नये: काढलेल्या जुन्या फळ्या बंबात किंवा चुलीत घालू नका. आपल्याकडे लाकूड म्हटलं की ते पाणी तापवायला जातं. पण रंगवलेलं जुनं लाकूड जाळलं की शिसं धुरात आणि राखेत उतरतं, आणि ती राख पुढे भांड्यांना नाहीतर परसातल्या आळ्यांत जाते.

आता सासूबाई. “कशालाच हात लावू नका” हे त्या रंगाबद्दल म्हणत नसाव्यात असं मला वाटतं. ते पिस्ता दार रोज सकाळी उघडताना त्यांना कुणाचा हात आठवतो, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. म्हणून त्यांचं मन वळवायच्या मागे लागू नका. त्यांच्या हाती काहीतरी खरं सोपवा. पहिली गोष्ट, तारखांचं ते दार आतून रंगवायचं नाही, हे त्यांना आजच, कुणीही न विचारता सांगून टाका. त्या बाजूला सोड्याचं पाणीही लावायचं नाही आणि पारदर्शक वॉर्निशही नाही. ब्रशने पेन्सिल फराटेल. कोरड्या मऊ फडक्याने आजूबाजूची धूळ झटका, अक्षरांवर कागद टेकवून कडांना चिकटपट्टी लावा आणि फक्त बाहेरची बाजू रंगवा. त्याआधी एक फोटो काढून ठेवा.

दुसरी गोष्ट, रंग त्यांनी निवडायचा. “आई, हे तीन चालतील का?” असं नव्हे. शेड कार्डच त्यांच्या हातात द्या. कदाचित त्या पिस्ताच म्हणतील. मग पिस्ताच द्या, ताई. तुम्हाला पांढरा किंवा राखाडी हवा असेल तर मी तुमचं मन जाणते, पण या घरात आत्ता त्यांचा शब्द राहावा असं मला मनापासून वाटतं. तसंही फोडणीच्या स्वयंपाकघरात पांढरं शुभ्र कपाट दर आठवड्याला पुसावं लागतं. आणि पांढरा ऑइल पेंट जिथे उजेड कमी तिथे काही वर्षांत पिवळा पडतोच. शेड कार्ड दुकानात बघून ठरवू नका. घरी आणून ओट्यावर, संध्याकाळी तुमच्या ट्यूबलाइटखाली बघा.

तिसरी गोष्ट म्हणजे त्यांची माहिती. कुठलं दार अडकतं, कुठला खण ओढताना मनगट दुखतं, कुठली मूठ सैल आहे, वरच्या कोणत्या फळीपर्यंत आता त्यांचा हात पोचत नाही, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नाही. बिजागऱ्या निघणारच आहेत, तर हे सगळं त्याच वेळी होऊन जाईल. त्यांना समोर बसवून एकेक दार दाखवत विचारा आणि पुतण्याला लिहून घ्यायला सांगा.

रंग कोणता घ्यायचा? तुमच्या घरात मी पाण्याचं एनॅमल घेईन. साध्या ऑइल पेंटपेक्षा ते महाग, पण वास कमी, पिवळेपणा कमी, ब्रश पाण्याने धुता येतो, आणि कामानंतर दोन-तीन महिन्यांत घरात तान्हं बाळ येणार आहे. एकच पथ्य: ते जुन्या ऑइल पेंटवर थेट देऊ नका. आधी पृष्ठभाग खरबरीत करा आणि मग ऑइल पेंटवर धरणारा प्रायमर द्या. दुकानदाराला “खाली जुना ऑइल पेंट आहे” हे स्पष्ट सांगून मागा. चकाकी मध्यम ठेवा. अगदी झगझगीत घेतलं तर जुन्या लाकडावरचा प्रत्येक खड्डा दिसतो, अगदी मॅट घेतलं तर तेलाचे डाग निघत नाहीत.

किती लागेल ते घरीच काढा. दार साधारण दोन फूट बाय दीड फूट, म्हणजे एका बाजूला तीन चौरस फूट. चौदा दारं धरली तर दोन्ही बाजू मिळून ८४. दोन हात म्हणजे १६८. एका लिटरमध्ये एका हाताला शंभर चौरस फुटांच्या आसपास भागतं. नेमका आकडा डब्यावर असतो. म्हणजे दारांना दोन लिटर पुरतात, चौकटींना अर्धा-एक लिटर वेगळा धरा. सगळा रंग एकाच वेळी, एकाच शेड नंबरचा घ्या.

कपाटांना आतून मात्र रंग देऊ नका. पीठ, चहा, मसाले, पोहे वास धरून ठेवतात. आतून सोड्याच्या पाण्याने पुसून, दोन दिवस उघडी ठेवून, कागद घालून वापरायला घ्या.

आता प्रत्यक्ष काम. ते दोन दिवसांत होत नाही. वाळण्याचा वेळ धरून आठ-दहा दिवस लागतात, आणि त्यातला ब्रश हातात असण्याचा वेळ सगळ्यांत थोडा. खरं काम धुण्याचं आहे. घरी रंगवलेली कपाटं सहा महिन्यांत सोलली जातात तेव्हा लोक रंगाला दोष देतात, पण दहातल्या नऊ वेळा खाली तेल राहिलेलं असतं. फोडणीची वाफ दारावर बसते, उष्णतेने तिचा वॉर्निशसारखा कडक थर होतो, आणि तो नुसत्या ओल्या फडक्याला दाद देत नाही. त्याच्यावर सरळ पॉलिश पेपर मारला तर तेल उलट लाकडाच्या रेषांत जाऊन बसतं.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी दारं उतरवा. हे दिरांचं आणि मोठ्या पुतण्याचं काम. प्रत्येक दाराला नंबर द्या, पण वर दिसेल असा नको, तो रंगाखाली जाईल. बिजागरी जिथे बसते त्या खाचेत पेन्सिलीने नंबर लिहा आणि त्यावर चिकटपट्टीचा तुकडा लावा. चौकटीवरही तोच नंबर. त्या दाराचे स्क्रू आणि बिजागरी एका डबीत, डबीवरही तोच नंबर. जुन्या सुतारकामात दोन दारं सारखी नसतात, सूतभर फरक असतोच, आणि बिजागऱ्यांनी इतक्या वर्षांत आपापली जागा केलेली असते. अदलाबदल झाली की एकही दार सरळ बसत नाही. लहान मुलांना हे नंबर घालायचं काम द्या, ती ते मोठ्यांपेक्षा चोख करतात. मात्र धुणं, घासणं, पोपडे काढणं सुरू झालं की मुलांनी त्या भागात यायचं नाही, आणि नंबर घालून झाले की हात साबणाने धुवायचे.

मग कोमट पाण्यात धुण्याचा सोडा घालून, हातमोजे घालून, प्रत्येक दार दोन्ही बाजूंनी धुवा, फक्त तारखांच्या दाराची आतली बाजू सोडून. गॅसवरची दोन-तीन दारं आणि सगळ्या मुठींभोवतीची जागा दुसऱ्यांदा धुवा, हात लागून लागून तिथे सगळ्यांत जास्त तेल असतं. जुन्या टूथब्रशने मुठींच्या भोकांतलं काळं काढा. नंतर साध्या पाण्याने दोनदा पुसा, सोडा राहिला तरी रंग धरत नाही. झालं की नाही हे कळायला दारावर पाण्याचे थेंब शिंपडा. थेंब गोळी होऊन बसला तर तेल अजून आहे, पसरला तर काम झालं. पावसाळ्यानंतर मागच्या बाजूला बुरशीचे काळे ठिपके असतील तर ते पातळ केलेल्या ब्लीचने वेगळे पुसा, खिडकी उघडी ठेवून. संडास साफ करायचं ॲसिड आणि ब्लीच कधीही एकत्र करू नका, त्यातून विषारी वायू सुटतो. एक पूर्ण दिवस वाळू द्या.

घासायचं ते ओलं. १८० किंवा २२० नंबरचा वॉटर पेपर, साबणाचं पाणी, आणि हलका हात. चकाकी गेली, पृष्ठभाग एकसारखा मंद दिसला की थांबा. खालचं लाकूड दिसेपर्यंत घासायचं नाही. पोपडे आधी पाण्याचा फवारा मारून, पत्र्याच्या पात्याने अलगद उचला. हे काम मोठ्यांनीच, घराबाहेर, खाली प्लास्टिक अंथरून, एन ९५ मास्क लावून करायचं. चौकटी जागेवरच घासाव्या लागतात, तेव्हा फडताळातलं सगळं आधी दुसऱ्या खोलीत न्या. निघालेला रेंदा फडक्याने टिपून फडकं पिशवीत बांधून टाका. ते पाणी विहिरीकडे, तुळशीत, भाजीच्या वाफ्यात जाता कामा नये. काम झाल्यावर आंघोळ, आणि ते कपडे वेगळे धुवायचे. यजमानांना मशीनऐवजी ही जबाबदारी द्या. जपून करणारा, नियम पाळणारा माणूस इथे हवा, आणि नीट करायचंच तर ते इथेच करावं लागतं हे त्यांना पटेल.

खड्ड्यांत लांबी भरा, वाळली की ओल्या पेपरनेच सपाट करा, उघड्या लाकडाला प्रायमर द्या. मग रंग. दारं आडवी ठेवा, उभ्या दारावर रंगाचे ओघळ येतात. टेकायला नारळाच्या करवंट्या उपड्या ठेवल्या तर फार चांगलं, दार जमिनीपासून उचललेलं राहतं आणि डाग पडतो तो टिकलीएवढाच. आधी मागची बाजू, ती वाळली की पुढची. हात पातळ द्यायचा. ब्रश आडवा फिरवून रंग पसरवा आणि शेवटी लाकडाच्या रेषेत उभा, हलका ओढा, मग पुन्हा तिथे जाऊ नका. अर्धवट वाळलेल्या रंगावर ब्रश फिरला की ओरखडे राहतात. बारा-तेरा वर्षांच्या पुढच्या मुलांना मागच्या बाजूंवर हात बसवू द्या. स्प्रेचा आग्रह कुणी धरला तर नाही म्हणा. उडालेला रंग घरभर बसतो आणि सरावाशिवाय ओघळच जास्त येतात.

जागा म्हणजे पडवी. अंगणात नको, धूळ आणि पानं पडतात. सकाळी दव गेल्यावर सुरू करा आणि दुपारी दोनपर्यंत ब्रश धुवा. दिवाळीनंतर कोकणात संध्याकाळी दव उतरतं, ओल्या रंगावर ते बसलं की चकाकी मरून पांढुरकी झाक येते. शिवाय दिवा लागला की पाकोळ्या येतात आणि रंगात चिकटतात. म्हणून संध्याकाळी दारं आत घ्या. दोन हातांत एक रात्र जाऊ द्या.

स्वयंपाक पूर्ण बंद ठेवायची गरज नाही. एका वेळी एकाच भिंतीची कपाटं घ्या. ज्या दिवशी चौकटीला रंग द्याल त्या दिवशी आत गॅस पेटवायचा नाही. सिलिंडरचा नॉब बंद, आणि स्वयंपाकघरात देव्हारा असेल तर समई-उदबत्तीसकट देव दोन दिवस बाहेरच्या खोलीत. रंग पाण्याचा असला तरी थिनर, टर्पेंटाइन, वॉर्निश यांतलं काहीतरी घरात येतंच, आणि ते पेट घेतं. तेलाच्या रंगाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेटू शकतात. उघड्यावर पसरून वाळवा. त्या दोन दिवसांत मागच्या पडवीत शेगडी मांडून भात-आमटी करा, नाहीतर डबा मागवा. त्या दिवसांचा स्वयंपाक नणंदेने सांभाळावा, एवढं तरी हक्काने सांगा. तुम्ही सगळ्यांना कामं वाटाल आणि ओट्यापाशी मात्र एकट्याच राहाल, ही भीती मला तुमच्या पत्रात सगळीकडे जाणवते.

दारं परत लावली की काम संपलं असं वाटतं, पण रंग पूर्ण कडक व्हायला तीन-चार आठवडे लागतात. तोवर ओल्या फडक्याने घासू नका, वरून कॅलेंडर-बिलेंडर चिकटवू नका, आणि दार चौकटीला जिथे टेकतं तिथे रबराची छोटी टिकली लावा, म्हणजे रंग रंगाला चिकटणार नाही. फुगण्याला जागा म्हणून दारांमध्ये सूतभर फट असू द्या. नसेल तर रंग देण्याआधीच कड रंध्याने घ्या. रंध्यानेही जुना रंग निघतो, तेव्हा ती कड आधी ओली करून घ्या आणि साल गोळा करून टाका.

बाळ घरी येण्याआधी सगळं स्वयंपाकघर, खिडक्यांच्या कडा आणि पडवी ओल्या फडक्याने दोनदा पुसा. झाडू मारू नका, त्याने पूड उडते. याआधी कधी कुणी ही कपाटं कोरडी घासली असतील आणि जाऊबाई तेव्हा घरात असतील, तर त्यांच्या डॉक्टरांना तसं सांगा. रक्तातलं शिसं तपासता येतं.

उरलेला रंग एका घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत भरून ठेवा, वर शेड नंबर आणि महिना लिहा. गॅसवरच्या दारांना दोन वर्षांत एखादा डाग टिपावा लागेलच. आणि सुताराला आजच फोन करा. खालची दारं बदलावी लागणार असं तपासणीत निघालं आणि तुम्ही ऑक्टोबरात त्याला शोधायला गेलात, तर दिवाळीच्या तोंडावर तो मिळायचा नाही. गणपतीत माप घेऊन जाऊ दे, दसऱ्यानंतर प्लाय कापू दे, आणि भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी प्रायमर लावलेली नवी दारं पडवीत जुन्या दारांशेजारी तयार असू देत.